फ्रीमेसनांची तेहतिसावी श्रेणी

फ्रीमेसन या बंधुसंघाविषयी सर्वसामान्य वाचकाने जे काही ऐकलेले असते त्यात तेहतीस हा आकडा बहुधा असतोच. तेहतिसाव्या श्रेणीला पोहोचलेली मूठभर माणसे पडद्याआडून सरकारे उभी करतात आणि पाडतात, त्यांना जे गुपित ठाऊक असते ते खालच्या सभासदांना आयुष्यभर कळत नाही, अशी ही समजूत असून तिच्यावर कादंबऱ्या, चित्रपट आणि राजकीय भाषणे आजवर यथेच्छ पोसली गेली आहेत. वस्तुस्थिती अशी की फ्रीमेसनांच्या मूळ रचनेत श्रेणी तीनच आहेत. त्यांच्यावरचा डोलारा अठराव्या शतकात, मुख्यतः फ्रान्समध्ये आणि पुढे अमेरिकेत, निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या हेतूंनी चढवला, आणि त्याच्या इतिहासात गुप्त सत्तेपेक्षा मानाची हौस, नाटकाची आवड आणि जुनी वंशावळ मिळवण्याची धडपडच अधिक दिसते.

इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील गवंडी व पाथरवट यांच्या जुन्या संघटनांत सतराव्या शतकापासून दगडाला कधी हात न लावलेले जमीनदार, वकील आणि विद्याव्यासंगी लोक मानद सभासद म्हणून येऊ लागले, आणि हळूहळू मूळ कारागीर बाजूला पडून त्यांची अवजारे तेवढी नीतीची प्रतीके म्हणून उरली. अशा सभासदांच्या शाखेला लॉज म्हणतात. लंडनमधील चार लॉजांनी १७१७ साली सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या एका मद्यगृहात एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे सर्व शाखांवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली अशी परंपरा आहे. काही अभ्यासक ही घटना १७२१ पर्यंत पुढे आणतात. १७२३ साली जेम्स अँडरसन या धर्मोपदेशकाने तयार केलेली नियमसंहिता छापली गेली. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालू नये आणि सर्वांनी एकमेकांना बंधू मानावे, हे त्या संहितेचे सार होते. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन श्रेणी १७३० पर्यंत स्थिर झाल्या होत्या, कारण त्या वर्षी सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या एका माजी सभासदाने तिन्हींचे विधी पुस्तिकारूपाने सरळ बाजारात आणले. गुप्त म्हणवणाऱ्या या संघाची गुपिते तेव्हापासून काही पेन्सांत विकत मिळत आली आहेत, ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना विसरू नये.

उच्च श्रेणींचे बीज तिसऱ्या श्रेणीच्या कथेतच आहे. शलमोन राजाने जेरुसलेमला बांधवलेल्या मंदिराचा मुख्य स्थपती हिराम याच्याकडून उस्तादांचा परवलीचा शब्द काढून घेण्यासाठी तीन कारागीर त्याला गाठतात, तो शब्द सांगत नाही म्हणून त्याचा खून करतात, आणि त्याच्या मृत्यूबरोबर मूळ शब्द हरवतो. उरलेले उस्ताद त्याच्या जागी एक पर्यायी शब्द वापरू लागतात. दीक्षा घेणाऱ्याला या विधीत स्वतः हिरामची भूमिका करावी लागते, म्हणजे त्याला प्रतीकात्मक रीतीने मारून पुन्हा उठवले जाते. बायबलात हिराम नावाचा कारागीर आहे, परंतु त्याच्या खुनाची ही हकिगत तेथे नाही. ती लॉजमध्येच घडवली गेली आहे. कथा म्हणून ती परिणामकारक असली तरी ती अपुरी राहते. मूळ शब्द कोणता होता, तो पुन्हा सापडला का, खुन्यांचे पुढे काय झाले, मंदिराचे काम कोणी पुरे केले, या प्रश्नांची उत्तरे तीन श्रेणींत मिळत नाहीत, आणि ती देण्यासाठी नव्या श्रेणी रचण्याची वाट येथे आपोआप मोकळी झाली.

पहिले टिकाऊ उत्तर रॉयल आर्च या श्रेणीने दिले. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेले लोक मंदिराची पुनर्बांधणी करताना एका कमानदार तळघरात उतरतात आणि तेथे हरवलेला शब्द त्यांना सापडतो, अशी तिची कथा आहे. छापील लिखाणात तिचा उल्लेख १७४४ पर्यंत आलेला आहे. इंग्लंडमध्ये या श्रेणीवरून दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजांत साठ वर्षे वितुष्ट राहिले, कारण एकीला ती फ्रीमेसनांच्या विद्येचा गाभा वाटत होती आणि दुसरीला अनावश्यक जोड. १८१३ साली दोन्ही संस्था एक झाल्या तेव्हा काढलेला तोडगा खास इंग्रजी वळणाचा होता: श्रेणी तीनच आहेत, मात्र त्या तिहींत रॉयल आर्चचाही समावेश होतो, असे करारात लिहून दोन्ही बाजूंचे समाधान करण्यात आले.

फ्रान्समध्ये गोष्ट वेगळ्याच दिशेने गेली. अँड्र्यू मायकेल रॅमझी हा स्कॉटलंडमधील एअर गावच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. तो कॅथलिक झाला, पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या पक्षात शिरला आणि फ्रान्समध्ये 'शेव्हालिए' म्हणून मिरवू लागला. १७३६ च्या अखेरीस पॅरिसच्या लॉजमध्ये त्याने केलेल्या भाषणात फ्रीमेसनांचे पूर्वज हे मध्ययुगीन गवंडी नसून पवित्र भूमीत लढलेले क्रुसेडर सरदार होते असा दावा होता. पुरावा काहीच नव्हता, पण तो कोणी मागितलाही नाही. फ्रान्सच्या उमरावांना गवंड्याचा एप्रन बांधून शिकाऊ म्हणवून घेण्यात जो संकोच वाटत होता तो या भाषणाने दूर केला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत 'स्कॉटिश उस्ताद', 'पूर्वेचा सरदार', 'सूर्याचा सरदार' अशा शेकडो नव्या श्रेणींचे पीक आले. यांपैकी बहुतेकांचा स्कॉटलंडशी नावापुरताही संबंध नव्हता. दूरच्या, धुकेरी प्रदेशाचे नाव लावले की प्राचीनता सिद्ध झाल्यासारखी वाटे, एवढेच. बंधुत्व आणि समता हे ज्या संघाचे ब्रीद होते, त्याच संघात ड्यूक आणि व्यापारी एका रांगेत बसू लागताच लगेच नवी उतरंड रचली गेली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण समतेची भाषा बोलणाऱ्या मंडळींना पदव्यांची ओढ अधिकच असते.

जर्मनीत या हौसेने गंभीर रूप धारण केले. कार्ल फॉन हुंड या बॅरनने १७५० नंतर 'स्ट्रिक्ट ऑब्झर्व्हन्स', म्हणजे कडक आज्ञापालन, या नावाची शाखा उभी केली. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३०७ साली पकडलेल्या आणि पोपने १३१२ साली बरखास्त केलेल्या टेंप्लर या लढवय्या संन्यासी संघातील काही जण स्कॉटलंडला निसटले, गवंड्यांच्या वेषात राहिले आणि त्यांची परंपरा आजवर अखंड आहे, हे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याला १७४३ मध्ये पॅरिसला 'लाल पिसाचा सरदार' या गूढ व्यक्तीने दीक्षा दिली असून संघाचे 'अज्ञात वरिष्ठ' पुढच्या आज्ञा पाठवतील, असे तो सांगत असे. जर्मन राजपुत्रांनी आणि सरदारांनी त्याच्यापुढे आज्ञापालनाच्या शपथा घेतल्या आणि सगळे वाट पाहत बसले. वरिष्ठांकडून काहीही आले नाही. हुंड १७७६ साली वारला आणि १७८२ मध्ये विल्हेल्म्सबाड येथे भरलेल्या परिषदेने टेंप्लरांपासूनच्या थेट वारशाचा दावा सोडून दिला. हुंड लबाड होता की स्वतःच फसलेला होता, हा प्रश्न इतिहासकारांत रंगतो. त्याने या नादात आपली बरीच संपत्ती घालवली हे पाहता तो फसला असावा, हेच अधिक संभवनीय वाटते.

उच्च श्रेणींचा राज्यकारभारावर खरोखर प्रभाव पडल्याचे एक उदाहरण मात्र याच जर्मन भूमीत सापडते. 'सोनेरी आणि गुलाबी क्रूस' या नऊ श्रेणींच्या संघात प्रवेश मिळवण्यासाठी आधी उस्ताद फ्रीमेसन असणे आवश्यक होते, आणि त्यात किमया व गूढविद्या यांचे शिक्षण दिले जाई. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम या संघाचा सभासद होता. १७८६ मध्ये तो गादीवर आल्यावर त्याचा संघबंधू वोल्नर मंत्री झाला. १७८८ मध्ये धर्मविषयक कडक फर्मान निघाले, पाठोपाठ ग्रंथांवर नियंत्रण आले, आणि १७९४ साली धर्मावरील लेखनाबद्दल राजाच्या नावाने जी ताकीद तत्त्वज्ञ इमान्युएल कांटला मिळाली तिच्याखाली वोल्नरचीच सही होती. फ्रीमेसन म्हणजे धर्माचे शत्रू, ही ठरीव समजूत येथे नेमकी उलटी पडते, कारण या श्रेणींतील माणसे बुद्धिवादाच्या विरोधात आणि जुन्या धर्ममताच्या बाजूने उभी होती.

आज जगभर पसरलेली तेहतीस श्रेणींची 'स्कॉटिश राइट' ही पद्धत साखरेच्या व्यापाराच्या मार्गाने वाढली. एतिएन मोरँ या फ्रेंच व्यापाऱ्याला १७६१ साली पॅरिसहून पश्चिम गोलार्धात उच्च श्रेणी देण्याची सनद मिळाली. वाटेत इंग्रजांनी त्याचे जहाज पकडले. सुटका होऊन तो कॅरिबियन बेटांत पोहोचला आणि तेथे त्याने पंचवीस श्रेणींची एक सुसंगत मालिका चालवली, जी फ्रान्सहून आणण्याऐवजी त्याने स्वतःच रचली असावी असे अलीकडच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. जमैकातील हेन्री फ्रँकेन या डच मूळच्या सहकाऱ्याने तिचे विधी इंग्रजीत उतरवले. त्याच्या १७८३ च्या हस्तलिखितावर आजचे संशोधन मोठ्या प्रमाणात उभे आहे. ही सनद पुढे हाताहाताने अमेरिकेत गेली आणि ज्याला अधिकार मिळाला तो आणखी चार जणांना अधिकार देऊ लागला. या बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी ३१ मे १८०१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात पहिली 'सुप्रीम कौन्सिल', म्हणजे तेहतिसाव्या श्रेणीच्या सभासदांची सर्वोच्च परिषद, स्थापन झाली. जॉन मिचेल आणि फ्रेडरिक डाल्को हे तिचे आद्य पुरस्कर्ते होते, सभासदांत प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू असे तिन्ही होते, आणि गोंधळातून सुव्यवस्था या अर्थाचे लॅटिन वचन तिने आपले ब्रीद म्हणून घेतले. परिषदेचा अधिकार प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटने १ मे १७८६ रोजी मंजूर केलेल्या घटनेतून आला आहे, असे तिने जाहीर केले. मरणाच्या दारात असलेला आणि लॉजच्या कामकाजातून अनेक वर्षे अंग काढून घेतलेला राजा दूरच्या अमेरिकेसाठी तेहतीस श्रेणींची घटना मंजूर करीत बसला असेल, हे आज कोणताही इतिहासकार मानत नाही.

या श्रेणी प्रत्यक्षात कशा असतात हे पाहिले की त्यांच्याभोवतीचे भय बरेच ओसरते. चौथीपासून चौदावीपर्यंतच्या श्रेणींत हिरामच्या खुन्यांचा शोध, त्यांची शिक्षा आणि मंदिराखालील गुप्त तळघर असा कथाभाग चालतो. अठराव्या 'रोझ क्रूआ' श्रेणीत क्रूस, गुलाब आणि आपल्या रक्ताने पिलांना पोसणारा पेलिकन पक्षी ही चिन्हे येतात आणि शेवटी पाव व वाइन यांचे सहभोजन होते. तिसाव्या 'कादोश' श्रेणीत टेंप्लरांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले, ज्याला १३१४ साली जिवंत जाळले, त्याच्या मृत्यूचा सूड हा विषय असून काही जुन्या आवृत्त्यांत राजमुकुट आणि पोपचा त्रिमुकुट यांना प्रतीकात्मक रीतीने तुडवले जाई. बत्तिसावी श्रेणी ही नियमित चढणीची शेवटची पायरी. तेहतिसावी सेवेबद्दल बोलावून दिली जाते, ती मागता येत नाही. इंग्लंडमध्ये चौथी ते सतरावी या चौदा श्रेणी केवळ नाव उच्चारून एका बैठकीत बहाल केल्या जातात आणि अठरावीचाच विधी पुरता केला जातो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रंगवलेले पडदे, दिव्यांची योजना आणि वेशभूषा यांसह या श्रेणी मोठ्या नाट्यगृहांत सादर होऊ लागल्या. शेकडो उमेदवार प्रेक्षागृहातील खुर्च्यांवर बसून प्रयोग पाहत आणि त्यांच्यातील एक जण सर्वांच्या वतीने शपथ घेई. दोन-तीन दिवसांत बत्तिसावी श्रेणी गाठण्याची सोय अशी झाली.

या विधींना आजचे रूप देणारा माणूस अल्बर्ट पाइक. बॉस्टनला १८०९ साली जन्मलेला, आर्कान्सामध्ये वकिली करणारा आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने ब्रिगेडियर जनरल झालेला हा गृहस्थ १८५९ पासून १८९१ मधील मृत्यूपर्यंत चार्ल्सटनच्या परंपरेतील परिषदेचा प्रमुख होता. त्याच्या हाती आलेले विधी त्याला विस्कळित आणि रटाळ वाटले. त्याने ते जवळजवळ सगळे नव्याने लिहिले आणि त्यांत वेद, झरथुष्ट्राचा धर्म, ज्यूंची कब्बाला ही गूढविद्या आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांची सरमिसळ केली. १८७१ साली प्रसिद्ध झालेला 'मॉरल्स अँड डॉग्मा' हा त्याचा जाडजूड ग्रंथ श्रेणीवार व्याख्यानांच्या रूपात आहे. त्यातील तुलनात्मक धर्मविचार त्या काळाच्या मानानेही काटेकोर नव्हता, पण अमेरिकेच्या लहान गावांतील दुकानदारांना आणि वकिलांना पौर्वात्य धर्मांची पहिली ओळख अशा पुस्तकांनी करून दिली, हे श्रेय त्याला द्यावे लागते. वॉशिंग्टनमधील त्याचा पुतळा २०२० साली निदर्शकांनी पाडला तो फ्रीमेसन म्हणून नव्हे, तर गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी म्हणून. त्याच शहरात १९१५ साली पूर्ण झालेले 'हाउस ऑफ द टेंपल' हे परिषदेचे मुख्यालय आहे. त्याला प्रत्येकी तेहतीस फूट उंचीचे तेहतीस स्तंभ असून पाइकचे अवशेष १९४४ पासून तेथेच आहेत.

राजकारणावरचा परिणाम पाहायचा तर मेक्सिकोकडे वळावे लागते. तेथे १८२० नंतरच्या दशकात श्रीमंत, स्पेनधार्जिण्या गटाने स्कॉटिश पद्धतीच्या लॉजांचा आसरा घेतला आणि अमेरिकेचा वकील जोएल पॉइन्सेट याच्या मदतीने प्रजासत्ताकवाद्यांनी यॉर्क या दुसऱ्या विधिपद्धतीच्या लॉजा काढल्या. 'एस्कोसेस' आणि 'योर्किनोस' ही विधिपद्धतींची नावे हीच दोन राजकीय पक्षांची नावे झाली. स्कॉटिश गटाचा पुढारी आणि देशाचा उपाध्यक्ष निकोलास ब्राव्हो याने गुप्त संघांवर बंदी घालण्याची मागणी करणाऱ्या बंडात उडी घेतली आणि १८२८ च्या जानेवारीत तो पराभूत झाला, हा विरोधाभास मेक्सिकोच्याच इतिहासात शोभावा. अमेरिकेत उलट घडले. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मॉर्गन याचे नाव बटाव्हिया गावच्या नव्या रॉयल आर्च शाखेच्या अर्जावरून वगळण्यात आले. त्याने सूड म्हणून विधी छापण्याचे जाहीर केले, आणि १८२६ मध्ये तो नाहीसा झाला. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या फ्रीमेसनविरोधी पक्षाने १८३१ साली बाल्टिमोरला अधिवेशन भरवून अध्यक्षपदाचा उमेदवार निवडला. अमेरिकेतील राष्ट्रीय पक्षाधिवेशनाची प्रथा तेथून सुरू झाली.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉ. जेम्स बर्न्स हा भूजच्या रेसिडेन्सीत शल्यवैद्य होता. १८३६ साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्याला पश्चिम हिंदुस्थानचा प्रांतिक प्रमुख नेमले, आणि टेंप्लर सरदारांचा एक इतिहासही त्याने लिहिला. पुढे अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून नावाजलेले माणेकजी कर्सेटजी यांना मुंबईच्या इंग्रज लॉजने नाकारले तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. बर्न्सने १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन केली आणि माणेकजी तिच्यात आले. परंतु तीन श्रेणी आणि रॉयल आर्च यांच्या पुढे दार बंद होते, कारण टेंप्लर श्रेणी घेणाऱ्याने ख्रिस्ती असणे भाग होते. बर्न्सने १८४५ साली यावर शोधलेला उपाय म्हणजे 'ब्रदरहूड ऑफ द ऑलिव्ह ब्रँच इन द ईस्ट' हा नवा संघ: नवशिका, सहचर आणि अधिकारी असे त्याचे तीन वर्ग होते, ऑलिव्हची हिरवी फांदी चोचीत धरून उतरणारे कबुतर हे त्याचे पदक होते, आणि पारशी, हिंदू, मुसलमान यांपैकी कोणालाही धर्माची अडचण येऊ नये हा त्याचा हेतू होता. संघ टिकला नाही. साहेबाच्या बरोबरीने बसण्यासाठी हिंदी माणसाला वेगळी शिडी बांधून द्यावी लागली, यातच त्या बंधुत्वाची मर्यादा दिसते.

उच्च श्रेणींनी जगात जे केले त्यापेक्षा त्यांच्या नावाने जे पसरवले गेले ते कितीतरी मोठे आहे. लेओ तक्सिल या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच पत्रकाराने बारा वर्षे कॅथलिक वाचकांना अशी पुस्तके पुरवली की पाइक हा चार्ल्सटनमध्ये बसलेला सैतानपूजकांचा पोप असून वरच्या श्रेणींत प्रत्यक्ष सैतान प्रकट होतो. त्याच्या सहकाऱ्याने तर अशा पूजेची वर्णने श्रीलंका, पाँडिचेरी आणि कलकत्ता येथपर्यंत नेली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात तक्सिलने हे सगळे थोतांड असल्याची हसत कबुली दिली, तरी त्यातील वाक्ये आजही पाइकच्या नावावर फिरतात. त्याने १८७१ साली तीन महायुद्धांचे भाकीत केल्याचे म्हटले जाणारे पत्रही असेच बनावट असून ते कोणत्याही संग्रहालयात नाही. अशा समजुती निरुपद्रवी नसतात. १ मार्च १९४० रोजी फ्रँकोच्या स्पेनमध्ये फ्रीमेसन व कम्युनिस्ट यांच्याविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या सहाव्या कलमात अठरावी ते तेहतिसावी यांपैकी कोणतीही श्रेणी घेतलेली असणे ही शिक्षा वाढवणारी बाब ठरवण्यात आली, आणि ज्या पदव्यांमागे कोणतीच सत्ता नव्हती त्यांच्यापायी माणसे तुरुंगात गेली.

तेहतिसाव्या श्रेणीच्या सभासदाला आपल्या मूळ लॉजवर कोणताही अधिकार नसतो. तेथे निवडून आलेला तीन श्रेणींचा उस्तादच अध्यक्ष असतो. अमेरिकेतील परिषदांचा पैसा आज मुख्यतः मुलांच्या वाचादोषांवरील उपचारकेंद्रांसारख्या कामांवर खर्च होतो. ज्यांना यापलीकडे काही दडलेले आहे असे वाटते त्यांनी 'मॉरल्स अँड डॉग्मा' जरूर उघडावा. सभासदाने संघ सोडल्यास किंवा तो वारल्यास प्रत परत करावी अशी सूचना एके काळी त्यावर छापलेली असे, परंतु आता त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. त्याच्या प्रस्तावनेत पाइकने स्वतःच सांगून ठेवले आहे की ग्रंथातील जवळजवळ निम्मा मजकूर इतरांकडून घेतलेला आहे, आणि त्यातील जे असत्य वाटेल ते नाकारण्यास प्रत्येक वाचक मोकळा आहे.